ढग गडगडले की कुत्रा बाथरूममध्ये : जवळ घ्यावं की दुर्लक्ष करावं?

रेघोटी
आमचा शेरू. नावावर जाऊ नका, ते मुलीने ठेवलंय. मिश्र जातीचा, ऐन तारुण्यातला, एरवी कुणाच्या बापाला न भिणारा. पण वादळ आलं की हा वेगळाच कुत्रा होतो.

आम्हाला काही ऐकू यायच्या आधीच त्याचं सुरू होतं. भांड्यातलं अर्धं टाकून उठतो, या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारतो, मधेच जांभया देतो, ओठ चाटतो. आभाळ खरंच गडगडायला लागलं की सरळ बाथरूम. कमोड आणि भिंत यांच्यामधल्या फटीत स्वतःला कोंबून घेतो. तोंड कोपऱ्यात, मागचे पाय फरशीवर थडथड वाजत असतात आणि लाळेने छाती भिजून जाते. मागच्या वादळात वाऱ्याने बाथरूमचं दार लागलं आणि तो आत अडकला. आम्ही पोचेपर्यंत दाराची खालची कड नखांनी ओरबाडून काढली होती आणि एक नख तुटून रक्त येत होतं.

यावरून घरात दोन पक्ष पडलेत. मी जाऊन त्याच्या शेजारी फरशीवर बसते, पाठीवर हात ठेवते. सासऱ्यांचं म्हणणं, "लाड करू नकोस. घाबरलं की माया मिळते हे त्याला एकदा कळलं की जन्मभर घाबरेल." नवरा नेहमीप्रमाणे तटस्थ.

तर मंडळी, जवळ घेतल्याने भीती वाढते हे खरं आहे का? त्याला आमच्या आधी कसं कळतं? आणि औषधापर्यंत जावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस
भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि ब्रह्मराक्षसाला पत्ता नेमका कमोडमागचाच सापडावा! हलके घ्या, रेघोटीताई.
नवऱ्याच्या तटस्थपणाला मात्र मनापासून अनुमोदन. अनुभवी माणूस दिसतोय.

आजोबा_ऑनलाइन
सासऱ्यांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे कायम कुत्री होती, अंगणात. विजा कडाडायच्या तेव्हा कुणी त्यांना मांडीवर घेतलं नाही, कुणी कमोडमागे जाऊन बसलं नाही (कमोडच नव्हता). जगली की सगळी. हल्ली कुत्र्यांना आपणच नाजूक करून ठेवतो. दुर्लक्ष करा, दोन-चार वादळांत आपोआप सरळ होईल.

वाटाड्या
आजोबा, मान राखून सांगतो. "वादळाच्या रात्री कुत्रं कुठे गेलं कळलंच नाही" हेही त्याच अंगणांमधून ऐकलेलं आहे. जी राहिली ती आठवतात, जी साखळी तोडून गेली त्यांची कोण आठवण काढतो?

कावेरी
रेघोटी, तू बसत राहा. मी तुझ्या पक्षात.

सासऱ्यांचं गणित कृतीला लागू पडतं, भावनेला नाही. कुत्रा बसला, खाऊ मिळाला, पुन्हा बसेल. ते बसणं त्याच्या हातात आहे. घाबरणं त्याच्या हातात नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा कुणी हात धरला म्हणून तो पुढच्या वेळी मुद्दाम जास्त घाबरत नाही. हात धरल्याने लिफ्ट सुरू होत नाही हे कबूल, पण म्हणून सोडायचा का?

दुर्बीण
यावर अभ्यास झालेला आहे. २००५ साली ड्रेशेल आणि ग्रेंजर यांनी वादळाला घाबरणाऱ्या कुत्र्यांना त्यांच्याच घरी रेकॉर्ड केलेलं वादळ ऐकवलं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) मोजलं. ते २०७ टक्क्यांनी वाढलं, आणि ४० मिनिटांनंतरही पूर्ववत झालेलं नव्हतं. म्हणजे आभाळ शांत झालं म्हणून कुत्रा शांत झाला असं नाही. शरीर बराच वेळ त्याच ताणात असतं.

आता धाग्याशी संबंधित भाग. मालक त्या वेळी कसा वागला याचा कुत्र्याच्या कॉर्टिसॉलवर परिणाम दिसला नाही. फरक दिसला तो घरात आणखी कुत्री असण्याचा. अशा घरांतल्या कुत्र्यांची प्रतिक्रिया सौम्य होती आणि ती लवकर सावरली.

आजोबा_ऑनलाइन
म्हणजे जवळ घेऊन काही उपयोग नाही हे सिद्धच झालं की! धन्यवाद दुर्बीण.

कावेरी
आजोबा, नीट वाचा. जवळ घेऊन वाढलं, असंही दिसलं नाही. आणि मूळ आरोप तोच होता.

तिरकस
सामना बरोबरीत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सुईदोरा
मी पशुवैद्य आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी त्या नखाचं. तुटलेलं नख डॉक्टरांना दाखवलं नसेल तर दाखवून घ्या. मुळाशी चिघळलं तर प्रकरण महिनाभर चालतं. आणि बाथरूमच्या दाराला आजच अडसर लावा, म्हणजे वाऱ्याने ते लागणारच नाही. घाबरलेला कुत्रा लपायला आत जातो तेव्हा बाहेर पडता येईल हा भरवसा त्यालाही लागतो. कोंडला गेला की भीतीचं रूपांतर घबराटीत होतं, आणि दातं-नखं मोडतात ती त्याच अवस्थेत.

जवळ घेण्याबद्दल कावेरींशी सहमत. पण "जवळ घेणं" म्हणजे काय ते पाहू. तो स्वतःहून तुमच्याकडे येतोय, अंगाला अंग लावतोय, तर बसा. हात मानेपासून कमरेपर्यंत सावकाश, जरा दाबून फिरवा. थोपटू नका, भराभर चोळू नका. एक-दोनदा फिरवून हात काढून घ्या आणि बघा. तो अजून सरकून आला तर त्याला हवंय. तोंड फिरवलं, अंग आखडलं तर नुसतं शेजारी बसा. बोलायचं तर रोजच्या आवाजात. "अरे बापरे, माझं बाळ ते" असं रडवेल्या सुरात चालू झालं की घरात काहीतरी गंभीर घडतंय असंच त्याला वाटतं. मिठी मारून धरून ठेवणं, ओढून बाहेर काढणं, "बघ, काही नाहीये" म्हणून खिडकीपाशी नेणं, हे तिन्ही प्रकार बंद. अशा वेळी प्रेमळ कुत्राही चावतो.

ओरडणं किंवा फटका देणं याबद्दल बोलायलाच नको. आवाजाच्या भीतीत माणसाची भीती मिसळते, एवढंच होतं.

आणि आजोबा, "दोन-चार वादळांत सरळ होईल" हे माझ्या पाहण्यात उलटं आहे. ही भीती वाऱ्यावर सोडली की बहुधा वाढते. आधी फक्त गडगडाट, मग नुसता पाऊस, मग वारा, मग आभाळ भरून आलं तरी.

औषधांवर संध्याकाळी लिहिते, दवाखान्यात रांग आहे.

भटका_ढग
"आमच्या आधी कसं कळतं" यावर माझे दोन पैसे.

सगळे सांगतात की कुत्र्याचे कान तेज. अर्धंच खरं आहे. वरच्या बाजूला त्यांची हद्द ४५,००० हर्ट्झच्या आसपास, आपली २०,०००. पण गडगडाट हा खर्जातला आवाज, आणि खर्जात माणसाचे कान कुत्र्यापेक्षा सरस आहेत. त्यामुळे लांबचा गडगडाट "त्यालाच ऐकू येतो" असं ठामपणे म्हणता येत नाही. तो लक्ष देऊन ऐकतो आणि तुम्ही टीव्ही बघत असता, हाही फरक असेल.

शिवाय वादळ नुसतं आवाजाने येत नाही. वारा बदलतो, उजेड उतरतो, हवेचा दाब घसरतो, ओल्या मातीचा वास आधी पोचतो. हे सगळं एकदा गडगडाटाशी जोडलं गेलं की पहिल्या झुळकीलाच त्याच्या पोटात गोळा येणार.

ज्यांना हिशोब हवाय त्यांच्यासाठी: वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर वादळ लांब. गडगडाट साधारण १५ किलोमीटरवरून ऐकू येतो. म्हणजे पहिली कुजबुज ऐकू आली तेव्हा हातात थोडा वेळ असतो.

निवडुंग
पण बाथरूमच का? आमचाही तिथेच जातो. कुठेतरी वाचलं होतं की केसांत साचणाऱ्या स्थिर विजेमुळे त्यांना झटके बसतात आणि नळ-पाइपांपाशी ती उतरते.

भटका_ढग
ती कल्पना निकोलस डॉडमन या पशुवर्तनतज्ज्ञांनी मांडलेली. वाचायला झकास आहे, पण सिद्ध झालेली नाही. मला साधं कारण पटतं: लहान जागा, बहुधा बाहेर बघायला मोठी खिडकी नाही, चारी बाजूंनी भिंती, फरशी गार. विजेचा लखलखाट नाही, आवाजही दबलेला.

अवांतर, पण महत्त्वाचं. रेघोटीताई, विजा होत असताना तुम्ही तिथे बसता ते खुशाल बसा, पण पाइपला टेकून बसू नका, नळ सोडू नका, आंघोळ तर नाहीच. घरावर किंवा जवळपास वीज पडली तर धातूच्या पाइपांतून आणि पाण्यातून झटका पोचू शकतो. कोरड्या फरशीवर, पाइपपासून हातभर लांब.

रेघोटी
अरे देवा, मी त्या पाइपलाच पाठ टेकते! हे कुणी सांगितलंच नव्हतं. धन्स भटका_ढग.

आणि सुईदोराताई, दाराला अडसर कालच लावला. नख आज दाखवून आणते.

आजोबा_ऑनलाइन
बघा. लाड करायला गेलं की विजेचा झटका.

तिरकस
आजोबा फॉर्मात. हसून हसून पुरेवाट.

मीठमिरची
आमच्या चिकूला घट्ट जाकीट घालतो, छाती-पोटाला बसेल असं. वादळाची चाहूल लागली की लगेच चढवायचं. धापा कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत, पण सोफ्यावर पडून राहते. शंभर टक्के शिफारस.

निवडुंग
आमच्या राजाला तेच घातलं तर पुतळाच झाला. जागचा हलेना. बायको म्हणाली बघ किती शांत! मला ते शांत वाटलं नाही. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता आणि कान मागे चिकटलेले. काढलं आणि तो पलंगाखाली गेला.

दुर्बीण
दोघांचेही अनुभव आकड्यांशी जुळतात. २०२० साली स्टेफनी रीमर यांनी बाराशेहून जास्त मालकांना विचारलं होतं, कशाचा उपयोग झाला म्हणून. विषय फटाक्यांच्या भीतीचा होता, पण आवाजाच्या भीतीचंच भावंड. जाकिटाने फरक पडला म्हणणारे ४४ टक्के. आवाज झाल्या झाल्या खाऊ देणं किंवा खेळणं, याला ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी उपयोगी म्हटलं. अर्थात हे मालकांचं मत आहे, प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही.

आणि ही भीती काही जगावेगळी नाही. त्याच वर्षी फिनलंडमध्ये १३,७०० कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत आवाजाची भीती ३२ टक्के कुत्र्यांत निघाली. तपासलेल्या सगळ्या भीतींत तीच पहिली.

मीठमिरची
निवडुंग, आम्ही वादळ नसताना आधी बरेच दिवस सवय केली होती. जाकीट चढवायचं, खाऊ द्यायचा, काढायचं. एकदम वादळातच पहिल्यांदा घातलं तर तेही घाबरवणारंच होणार ना.

सोनटक्का
खाऊचं गणित मला कळत नाही. आमची बिट्टू वादळात उकडलेल्या चिकनकडेसुद्धा बघत नाही. एरवी त्यासाठी मला विकेल.

कावेरी
कारण तेव्हा उशीर झालेला असतो. घाबरगुंडी उडाली की भूक मरते. सुरुवात त्या लांबच्या पहिल्या कुजबुजीला करायची, भटका_ढगने सांगितलेल्या १५ किलोमीटरवाल्या. आणि क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग लगेच खाऊ. प्रत्येक आवाजाला. तो घाबरला, बसला, उभा राहिला, काही अट नाही. खाऊ हे शिस्तीचं बक्षीस नाहीये, "गडगड झालं की काहीतरी भारी येतं" ही जोडणी करायचीये.

क्रम उलटा झाला तर पंचाईत. आधी चिकन आणि मग गडगडाट असं होत राहिलं तर काही दिवसांनी चिकनचा डबा उघडला की पोरगी बाथरूममध्ये पळेल.

दुर्बीण
कावेरींनी सांगितलं ते शुद्ध पावलॉव्ह, म्हणजे घंटेनंतर खाणं देत राहिलं की नुसत्या घंटेलाही कुत्र्याला लाळ सुटते हे दाखवणारे रशियन शास्त्रज्ञ. आणि पावलॉव्हचा या धाग्यात शोभेल असा एक किस्सा आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. प्रयोगशाळेची कुत्री पिंजऱ्यांत होती, पाणी चढत गेलं, आणि त्यांना पोहत बाहेर काढावं लागलं. जीव वाचले. पण नंतर काही कुत्र्यांचं आधीचं शिकलेलं सगळं विस्कटलं. एकाचं पूर्ववत झाल्यासारखं वाटलं, तेव्हा खोलीच्या दाराखालून थोडंसं पाणी आत सोडून पाहिलं. तेवढ्यावर ते कुत्रं पुन्हा कोलमडलं.

म्हणजे घंटा आणि लाळ शिकायला कितीतरी फेऱ्या लागल्या, भीती मात्र एका रात्रीत बसली. "दोन-चार वादळांत सरळ" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आजोबा_ऑनलाइन
सरळ नाव घ्या माझं.
पण किस्सा चांगला आहे. हे ठाऊक नव्हतं.

वाटाड्या
रेकॉर्डिंगचा कुणी प्रयोग केलाय का? मोबाइलवर गडगडाट लावून हळूहळू आवाज वाढवायचा म्हणतात.

मीठमिरची
केलाय. चिकू रेकॉर्डिंग ऐकत घोरते. खऱ्या वादळाला शून्य उपयोग.

सुईदोरा
आले. रेकॉर्डिंगपासूनच सुरू करते.

मीठमिरची, हे बऱ्याच कुत्र्यांत होतं. मोबाइलच्या स्पीकरमधून खर्ज येत नाही, आणि आवाजाबरोबर वारा, उजेड, दाब येत नाही. भिंती थरथरत नाहीत. चिकूच्या लेखी ते वादळच नाही. ज्या कुत्र्यांना रेकॉर्डिंगची थोडी तरी दखल घ्यावीशी वाटते त्यांच्यात उपयोग होतो, तोही चांगल्या स्पीकरवर, वादळाचा मोसम नसताना, अगदी पुसट आवाजापासून. कान टवकारले पण खाणं चालू आहे, ही पातळी. ओठ चाटणं किंवा जांभई दिसली की आवाज खाली. मोसम सुरू झाला की हा सराव थांबवायचा, नाहीतर मधेच खरं वादळ येऊन सगळ्यावर पाणी पडतं.

आता औषधं. शेरूच्या बाबतीत मी औषधाचा विचार करीन. दार ओरबाडून नख तुटेपर्यंत गेलेला कुत्रा हा "जरा घाबरतो" या सदरातला नाही. औषध म्हणजे शेवटचा उपाय असं डोक्यातून काढा. इतक्या भीतीत मेंदू काही शिकूच शकत नाही. भीती थोडी खाली आली तरच कावेरींचा खाऊ पोटात जाईल.

ढोबळमानाने दोन प्रकार. एक, रोज द्यायची: फ्लुओक्सेटीन, क्लोमिप्रामीन. यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे मोसमाच्या आधी सुरुवात, आणि मनानेच एकदम बंद करायची नाहीत. दोन, प्रसंगापुरती: ट्रॅझोडोन, गाबापेंटिन, अल्प्राझोलाम. ती भीती चढायच्या आधी पोटात जायला हवीत, म्हणजे अंदाज बघून तास-दीड तास आधी. डेक्समेडेटोमिडीनची एक जेलही आहे, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०१५ साली कुत्र्यांच्या आवाजभीतीसाठीच मान्य केलेली. ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सोडायची असते. कुत्र्याने गिळली तर परिणाम कमी होतो. देताना हातमोजे घालायचे, कारण ती माणसाच्या कातडीतूनही भिनते. कुठलं औषध, किती, हे वजन, हृदय, यकृत आणि चालू असलेली इतर औषधं पाहूनच ठरतं. म्हणून इथे डोस विचारू नका, मी सांगणार नाही.

प्रसंगापुरतं औषध पहिल्यांदा द्याल ते स्वच्छ आभाळाच्या दिवशी, घरात कुणीतरी असताना. काही कुत्री अल्प्राझोलामने शांत व्हायच्या ऐवजी जास्तच उधळतात. हे वादळाच्या रात्री कळण्यात अर्थ नाही.

एका औषधाबद्दल सावध करते: ॲसिप्रोमाझीन. एकेकाळी सर्रास द्यायचे. त्याने अंग ढिलं पडतं, भीती आतल्या आत तशीच राहते, आणि काही कुत्री आवाजाला उलट जास्त दचकतात. कुत्रा पळत नाही म्हणून मालक खूश, एवढाच फायदा. तुमच्याकडे हेच एकटं लिहून दिलं असेल तर डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारा.

सोनटक्का
माझ्याकडे माझी झोपेची गोळी आहे, तिचा पाव तुकडा दिला तर? वजन बघून हं, अंदाजे नाही.

सुईदोरा
नाही. पाव नाही, चिमूटभर नाही. माणसाच्या गोळ्यांचं प्रमाण कुत्र्याला वजनाच्या हिशोबाने लावता येत नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांनीसुद्धा कुत्री दगावतात. गोडसर चवीच्या चघळायच्या गोळ्यांमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असेल तर तेही विष.

वाटाड्या
आमच्या एका नातलगांकडे चमचाभर ब्रँडी द्यायचे...

सुईदोरा
ब्रँडी मालकाने घ्यावी. कुत्र्याला दारू विषारी आहे, चमचाभरसुद्धा.

तिरकस
डॉक्टरांनी लिहून दिलंय. स्क्रीनशॉट घेतला.

ओलीमाती
धागा वाचूनच सदस्य झाले. आमची जुई आता म्हातारी आहे. आयुष्यभर वादळात ढाराढूर झोपायची. यंदापासून अचानक थरथर कापते, आणि आता दार आपटलं तरी दचकते. वयामुळे असेल म्हणून सोडून द्यावं का?

सुईदोरा
सोडून देऊ नका, आधी तपासून घ्या. मोठ्या वयात अचानक सुरू झालेली आवाजाची भीती म्हटली की मी सांधे आणि पाठ बघते. आवाजाने दचकून अंग ताठ झालं की दुखऱ्या सांध्यातून कळ जाते, आणि आवाज व कळ यांची गाठ पडते. २०१८ साली यावर एक छोटा अभ्यास आला होता, २० कुत्र्यांचा. दुखणं असलेल्यांमध्ये भीती उशिरा सुरू झाली होती, आणि ती इतर जागा-प्रसंगांकडेही जास्त पसरली होती. जुई जिना चढताना थांबते का, उठताना आधी पुढचे पाय ताणते का, गाडीत उडी मारणं बंद केलंय का, हे बघून डॉक्टरांना सांगा. शक्य असेल तर चालतानाचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात आली की सगळी कुत्री तुरुतुरु चालतात.

ओलीमाती
उडी मारणं खरंच बंद केलंय. आम्ही म्हटलं आळशी झाली. उद्याच नेते.

वाटाड्या
एक राहिलं. अंदाज बघून वादळाच्या आधीच फिरवून, शू-शी उरकून आणा. वाटेत पहिला कडकडाट झाला तर पट्टा गळ्यातून सुटून पळालेली कुत्री मी शोधलेली आहेत, शेजाऱ्यांची. हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) वापरा. गळ्यात फोन नंबर, आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखचिप) असेल तर तिच्या नावे नोंदवलेला नंबर चालू आहे ना ते बघा. खिडक्या-गच्चीची दारं लावा. घाबरलेला कुत्रा उंची बघत नाही.

मीठमिरची
+१. आणि पंखा फुल, टीव्ही चालू, पडदे ओढून दिवे लावा, म्हणजे विजेचा लखलखाट कळत नाही. संगीत लावणाऱ्यांनी रोजही लावा. फक्त वादळातच लावलं तर तीच धोक्याची घंटा होते.

रेघोटी
परत आले. बरेच दिवस गायब होते.

नख सुधारलं. डॉक्टरांनी प्रसंगापुरतं औषध दिलं, कोरड्या दिवशी करून पाहिलं, जरा जास्त झोपला म्हणून प्रमाण कमी केलं. परवा मोठं वादळ झालं. गोळी वेळेवर दिली होती. पहिल्या चार-पाच गडगडाटांना चिकनचे तुकडे खाल्ले, मग तोंड फिरवलं आणि गेलाच बाथरूममध्ये. पण कमोडमागे कोंबला नाही. चटई टाकली होती तिच्यावर पडला, उंबऱ्याकडे तोंड करून. धापा होत्या, लाळ अगदी थोडी. एक मोठा कडकडाट झाला तेव्हा उठून मधल्या खोलीत आला, सगळ्यांना मोजून परत गेला.

हे यश धरायचं ना?

सासऱ्यांनी अख्खा धागा वाचला. त्यांचं मत: "आजोबा_ऑनलाइन हा एकच शहाणा माणूस आहे तिथे." मात्र चिकनचे तुकडे तेच करून ठेवतात हल्ली. प्रत्येक आवाजाला एक, आवाजाच्या नंतर. क्रम चुकला की मला ओरडतात.

आजोबा_ऑनलाइन
सासऱ्यांना नमस्कार सांगा. चिकनवर माझा आक्षेप नव्हताच कधी.

कावेरी
धरायचं म्हणजे काय! स्वतःहून बाहेर येऊन परत जाणं ही मोठीच गोष्ट आहे.

निवडुंग
दुर्बीणने वर म्हटलंय की घरात दुसरं कुत्रं असलं तर फरक पडतो. म्हणून राजासाठी एक पिल्लू आणावं म्हणतोय. काय वाटतं?

सुईदोरा
तुम्हाला दुसरं कुत्रं हवं असेल तर आणा. राजाचं औषध म्हणून आणू नका. त्या अभ्यासातली कुत्री आधीपासून एकत्र राहत होती. नवीन पिल्लू त्याच वेळी राजाला बघून घाबरायला शिकू शकतं. आधी राजाचं मार्गी लावा, मग पिल्लाला पहिल्या दिवसापासून गडगडाटाबरोबर खाऊ आणि खेळ. लहानपणी घडी बसली तर पुढचं बरंच सोपं होतं.

तिरकस
आणि पिल्लाचं नाव वाघ्या वगैरे ठेवू नका. शेरूचं काय झालं ते पाहतोयच आपण.

चांदणी७
छान धागा, वाचनखूण साठवली. माझी मांजर वादळात कपाटावर चढून बसते, तिलाही यातलं ट्रॅझोडोन चालेल का?

सुईदोरा
मांजरांचं वेगळं असतं, नवीन धागा काढा, तिथे लिहिते. तोवर कुत्र्याचं कुठलंही औषध तिला देऊ नका, आणि कपाटावरून खाली उतरवू नका.